जांभळाच्या बियांची पावडर: घरी कशी करायची, शुगरवाल्यांनी कशी घ्यायची आणि खरंच फरक पडतो का ते कसं बघायचं

मे संपत आला की आमच्या सिंधुदुर्गात जांभळाच्या झाडाखालचे रस्ते जांभळे होतात आणि माझ्या मेडिकलच्या काउंटरवर तेच प्रश्न सुरू होतात, जांभळाच्या बियांची पावडर शुगरवर चालते का, किती घ्यायची, आणि मग जरा आवाज खाली करून, गोळी बंद केली तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो, नाही चालणार. मेटफॉर्मिन असो, ग्लिमेपिराइड असो, इन्सुलिन असो, पावडर त्याच्या जोडीला घ्यायची, त्याच्या जागी नाही, आणि डॉक्टरांना सांगून घ्यायची. हे मान्य असेल तरच पुढचं वाचा, कारण पुढे जे लिहिलंय ते सगळं ह्याच अटीवर उभं आहे.

आता ह्यात अँटिऑक्सिडंटचा काय संबंध ते बघू, कारण पावडरच्या प्रत्येक डब्यावर हा शब्द असतो आणि तो काय करतो ते कोणी सांगत नाही. रक्तात साखर वाढली की शरीरातल्या काही पेशींना ती आत येताना अडवता येत नाही, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर, डोळ्याचा पडदा, किडनी, नसा. पेशीच्या आत साखर जाळून ऊर्जा करणारे मायटोकॉन्ड्रिया असतात, आणि होडीच्या इंजिनात डिझेल जास्त गेलं की जसा काळा धूर येतो तसं इथे सुपरऑक्साइड नावाचं फार चटकन कशालाही भिडणारं रसायन जास्त बाहेर पडतं. ते पेशीतल्या चरबीला, प्रोटीनला, डीएनएला इजा करतं. अमेरिकेतले डॉ. मायकल ब्राउनली ह्यांनी २००१ साली ही सगळी साखळी एकत्र मांडली, डोळे, किडनी, नसा ह्यांची वेगवेगळी वाटणारी दुखणी ह्या एका मुळाकडे जातात असं त्यांचं म्हणणं होतं.

शरीराकडे हा धूर साफ करायची स्वतःची व्यवस्था असतेच, असं काम करणाऱ्यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात, ग्लुटाथिऑन, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज अशी त्यांची नावं. पण शुगर सतत चढलेली राहिली तर त्यातली काही साखर सॉर्बिटॉल बनण्याच्या वाटेला लागते, त्या कामात एनएडीपीएच नावाचं पेशीतलं मदतनीस रसायन खर्च होतं, आणि नेमकं तेच ग्लुटाथिऑन पुन्हा ताजं करायला लागतं. म्हणजे धूर वाढतो आणि धूर साफ करणारा कमी पडतो, दोन्ही एकदम. म्हणून शुगर कंट्रोलमध्ये ठेवणं हाच सगळ्यात मोठा अँटिऑक्सिडंट उपाय आहे, डिझेलच कमी सोडायचं, आणि ज्या गोळीने ते होतं ती सोडून पावडर धरणं म्हणजे उलटंच झालं.

जांभळात काय असतं? गराचा रंग अँथोसायनिनचा, ज्याने जीभ जांभळी होते. बियांमध्ये एलाजिक ॲसिड, गॅलिक ॲसिड आणि भरपूर टॅनिन, ज्याने तोंड तुरट पडतं. लॅबमध्ये डीपीपीएच नावाचं गडद जांभळं द्रावण वापरतात, त्यात बियांचा अर्क टाकला की रंग उतरून पिवळट होतो, म्हणजे अर्क अँटिऑक्सिडंट आहे हे कळलं. पण ते परीक्षानळीत. पोटात गेल्यावर एलाजिक ॲसिड फार थोडं रक्तात उतरतं, बाकीचं आतड्यातले जंतू तोडून त्याचं युरोलिथिन बनवतात, आणि कोणाच्या पोटात ते किती बनतं हे माणसागणिक बदलतं. एकाच घरात एकाला गुण आला आणि दुसऱ्याला काहीच नाही असं झालं तर त्याचं एक कारण हेही असू शकतं.

प्राण्यांवरचं काम बरंच आहे. तामिळनाडूतल्या अन्नामलाई विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ साली अलॉक्सन देऊन डायबेटिस केलेल्या उंदरांना बियांचा पाण्यातला अर्क ६ आठवडे दिला, शुगर उतरली आणि पेशींतल्या चरबीची इजाही कमी दिसली. डोस बघा मात्र, वजनाच्या दर किलोला २.५ आणि ५ ग्रॅम अर्क, आणि ७.५ ग्रॅमला तो परिणाम तेवढा दिसला नाही, म्हणजे जास्त दिलं की जास्त गुण असंही नाही. उंदराचा डोस माणसाला लावताना साधारण ६.२ ने भागतात, त्या हिशोबाने ६० किलोच्या माणसाला २.५ चा डोस म्हणजे रोज २४ ग्रॅमच्या आसपास अर्क, बियांची पावडर नव्हे, अर्क, जो काढायला त्याहून कितीतरी जास्त बिया लागतात. आपण घेतो चमचाभर पावडर. म्हणून उंदरांचे आकडे छापून कोणी डबा विकत असेल तर हा हिशोब करून बघा.

माणसांवर बियांचे प्रयोग लहान लहान आहेत. पानांच्या चहाचा एक नीट प्रयोग ब्राझीलमध्ये झाला, २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात ग्लायब्युराइड गोळी घेणाऱ्यांची उपाशीपोटीची शुगर उतरली आणि जांभळाच्या पानांचा चहा घेणाऱ्यांची उतरली नाही. त्यामुळे पानं उकळून पिण्याच्या भानगडीत मी तरी कोणाला पाठवत नाही. आणि अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूलचं म्हणाल तर व्हिटॅमिन ई रोज ४०० युनिट देऊन साडेनऊ हजार लोकांवर साडेचार वर्षं केलेली होप नावाची चाचणी २००० साली आली, त्यात बरेच डायबेटिसवाले होते, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा. बिया पिष्टमय पदार्थांची साखर होण्याचा वेग थोडा कमी करतात असं लॅबमध्ये दिसतं, अँटिऑक्सिडंटचा काही फायदा मिळाला तर मिळाला, आणि झाडाखाली फुकट पडलेलं आहे, म्हणून नीट करून बघायला हरकत नाही. नीट हा शब्द महत्त्वाचा.

बिया गोळा करणं आणि सुकवणं

झाडावर चढू नका. जांभळाची फांदी दिसायला जाड असली तरी कडकन मोडते, दरवर्षी कोणीतरी पडतं. खाली ताडपत्री किंवा जुनी साडी अंथरा आणि पडलेली, पूर्ण काळी झालेली फळं घ्या. आणि शुगरवाल्यांनी झाडाखाली अनवाणी जायचं नाही, पायाला बधिरपणा असेल तर काटा रुतलेला कळतही नाही आणि चार दिवसांनी जखम चिघळलेली दिसते. हायवेच्या अगदी कडेच्या झाडाची फळं सोडा, धूळ आणि धूर असतो. जात कुठलीही चालेल, रानातलं बारीक जांभूळ बियांसाठी उलट बरं, त्यात गर कमी आणि बी मोठी. बहाडोलीसारखी मोठ्या गराची जांभळं खायला ठेवा.

गर खाऊन किंवा काढून झाला की बिया लगेच धुवायच्या, उद्यावर टाकायच्या नाहीत. रोवळीत घेऊन नळाखाली हाताने चोळा, बुळबुळीत गर पूर्ण निघाला पाहिजे, कारण राहिलेला गर आंबतो, चिलटं येतात आणि बुरशी तिथूनच धरते. रात्रभर पाण्यात भिजत ठेवणारे पण बघितलेत, तसं करू नका, आपल्याला जो तुरटपणा हवाय तोच पाण्यात उतरून जातो.

सुकवणं हाच कोकणातला खरा कस आहे. घाटावर लोक सांगतात दोन दिवस उन्हात टाका झालं, आपल्याकडे हवा दमट आणि मृग तोंडावर आलेला. म्हणून पहिल्या पडलेल्या जांभळांच्याच बिया धरा, ७ जूनच्या आत ऊन मिळेल तेवढं मिळवा. खळ्यात स्वच्छ कापडावर एका थरात पसरा, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलून घरात घ्या, सुकत घातलेल्या म्हावऱ्यापासून लांब ठेवा. चारपाच कडक उन्हं मिळाली की वरचं कागदासारखं टरफल सुटायला लागतं, वरवंट्याने हलकं ठेचून ते काढा, आतली हिरवट मगज दोन फोडी करून परत सुकवा. हा दुसरा टप्पा लोक गाळतात आणि तिथेच फसतात, बाहेरून खडखडीत वाटणारी बी आतून ओली असते. पाऊस आलाच तर ओव्हन ५० डिग्रीवर, दार किंचित उघडं ठेवून, किंवा जवळच्या बचत गटाकडे आमसुलासाठी सोलर ड्रायर असेल तर त्यांना विचारा, बहुतेक नाही म्हणत नाहीत. चुलीवरच्या माळ्यावर ऊब मिळते पण धूर बियांत मुरतो, तो पोटात कशाला घ्यायचा.

सुकली की नाही हे बत्त्याने ठोकून बघायचं, कडकन तुटली तर सुकली, चेपली तर ओली. कुठे राखाडी किंवा हिरवट बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढी बी काढून बाकीची ठेवू नका, सगळी रास टाकून द्या. दमट बियांवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकतं, ते लिव्हरला घातक, आणि घरच्या तव्यावर भाजून ते जात नाही. मेहनत वाया गेली म्हणून वाईट वाटतं हे मला माहितेय, पण आधीच शुगर असलेल्या माणसाच्या लिव्हरवर हा प्रयोग नको.

दळताना मिक्सर थांबत थांबत फिरवा, भांडं गरम होऊ देऊ नका, मग वस्त्रगाळ करा. रंग फिकट बदामी, चव तुरट-कडू. लोखंडी कढई, लोखंडी खलबत्ता ह्यात लावू नका, टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळंनिळं होतं. काचेची कोरडी बरणी, घट्ट झाकण, अंधारी जागा, आणि पावसाळ्यात रोज मोठी बरणी उघडायची नाही, आठवड्यापुरती पावडर छोट्या डबीत काढून ठेवायची. पुढच्या जांभळाच्या सीझनपर्यंत संपवा, उरली तर टाका. वास कुबट आला किंवा गुठळ्या झाल्या तर लगेचच टाका.

काढा करायचा असेल तर स्टीलच्या पातेल्यात मोजलेली पावडर, एक ग्लास पाणी, मंद आचेवर अर्धं करायचं, गाळून त्याच दिवशी प्यायचं. मला विचाराल तर पावडरच बरी, रोज तेवढीच जाते हे नक्की असतं. स्पिरिट वगैरे घालून घरी अर्क काढायच्या फंदात पडू नका.

किती आणि कधी

आयुर्वेदाच्या औषधग्रंथात बियांच्या चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम दिलीय. मी तरी सुरुवात एका वेळेला १ ग्रॅमने करायला सांगतो, सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या जरा आधी पाण्यासोबत, आठवडाभर पोट कसं राहतं ते बघायचं, आणि मग डॉक्टरांना विचारून दिवसाला ३ ग्रॅमपर्यंत. चमच्यावर विश्वास ठेवू नका, प्रत्येकाच्या घरचा चमचा वेगळा, छोटा डिजिटल काटा घ्या किंवा ओळखीच्या सोनाराकडून एकदा १ ग्रॅम मोजून बघा म्हणजे नजरेला अंदाज येतो. मधातून घेऊ नका, मध पण साखरच. बद्धकोष्ठ होतं काहींना, टॅनिनमुळे, तेव्हा पाणी आणि भाजी वाढवा, नाही जमलं तर पावडर कमी करा.

लोहाची गोळी चालू असेल तर पावडर आणि गोळीत दोन तासांचं तरी अंतर ठेवा, टॅनिन लोह शोषू देत नाही. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्त कमी असणं फार आहे म्हणून हे जोर देऊन सांगतोय, आणि लोह कमी असलं की एचबीएवनसी, म्हणजे शुगरची सरासरी सांगणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा, खोटा वाढलेला दिसू शकतो, मग सगळा हिशोबच चुकतो. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, टाइप १ ची लहान मुलं आणि किडनी कमजोर झालेले ह्यांनी स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करू नये. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर खाली जायची भीती जास्त. थरथर, घाम, धडधड, डोळ्यापुढे अंधारी, आणि मीटरवर ७० च्या खाली, की लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासणी. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर मात्र साखर चालत नाही, ती गोळी साखर फुटूच देत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. पाकिटावर नाव वाचा किंवा मेडिकलवाल्याला विचारा, आणि लावणीला शेतात जाताना ग्लुकोजची पुडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खिशात ठेवा.

फरक पडला का, हे कसं कळणार

इथे सगळ्यात जास्त गडबड होते आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. दर पावसाळ्यात कोणी ना कोणी येऊन सांगतो, "गोळये सोडलंय, आता निसती पावडर घेतंय, शुगर उतरली." उतरलेली असते, खोटं बोलत नाहीत ते. पण मे महिन्यात काय चाललं होतं आठवा, हापूस, आमरस, फणस, मुंबईहून आलेले चाकरमानी, लग्नं, पूजा, रोज कुठे ना कुठे जेवण, आणि उकाड्यात दुपारभर घरात. शुगर तेव्हा वर्षातली सगळ्यात चढलेली. जूनमध्ये आंबा संपला, पाहुणे गेले, लावणी सुरू झाली, माणूस दिवसभर चिखलात वाकून काम करतोय. शुगर उतरणारच, आणि नेमकं त्याच आठवड्यात पावडर सुरू झालेली असते. श्रेय पावडरला मिळतं, गोळी सुटते, आणि दसऱ्यापर्यंत शुगर परत तीनशेच्या घरात.

म्हणून मेमधल्या आकड्याशी तुलना करायचीच नाही. आंबा संपून रोजचं जेवण सुरू झालं की दोन आठवडे पावडर न घेता नुसतं मोजा, हा तुमचा पाया. मग पावडर सुरू करा, आणि त्या काळात बाकी काही बदलू नका, भात तेवढाच, चालणं तेवढंच, गोळी तीच. आठवड्यातून दोनतीनदा उपाशीपोटी आणि जेवल्यावर दोन तासांनी, वहीत लिहायचं, काय जेवलो तेही लिहायचं, कारण तांदळाची भाकरी आणि नाचणीची भाकरी ह्यातला फरकच कधीकधी पावडरपेक्षा मोठा निघतो.

मोजताना हात साबणाने धुवा. फळ हाताळलेल्या बोटातून रक्त काढलं तर बोटावरची साखर मोजली जाते आणि आकडा भलताच वाढीव येतो, स्पिरिटच्या कापसाने पुसून भागत नाही. स्ट्रिप्सच्या डबीचं झाकण काढल्याबरोबर लावा, आपल्या पावसाळी हवेत उघडी राहिलेली डबी चुकीचे आकडे देते.

खरा निकाल एचबीएवनसीचा, कारण तो साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, लाल पेशी १२० दिवस जगते म्हणून. पाया मोजताना एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा, त्याच लॅबमध्ये. पायाच्या वेळच्या ह्या सरासरीत मे महिनाही मिसळलेला असतो, म्हणून वहीतल्या आकड्यांशी ताडूनच बघा. बहुतेकांना ७ च्या खाली ठेवायचा असतो, पण वय आणि बाकी आजार बघून तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील. अँटिऑक्सिडंट किती वाढले ह्याची टेस्ट करायला पैसे घालवू नका, त्यावरून औषध काही बदलत नाही. त्या पैशात लघवीतल्या अल्ब्युमिनची आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी करा, धुराने इजा झाली का ते तिथे दिसतं.

विकतची पावडर आणि सप्तरंगी

विकत घ्यायची असेल तर आयुष लायसन्स नंबर, बॅच आणि तारीख असलेलीच घ्या. बिननावाच्या पुडीने आठवड्यात शुगर धाडकन उतरली तर खूश होऊ नका, आधी संशय घ्या, अशा पुड्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी कुटून घातलेली सापडलीय आणि मग किती मात्रा पोटात जातेय ते कोणालाच कळत नाही. डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणजे जो तसं लिहितो तो पहिल्याच ओळीत कायदा मोडतोय.

शुगरसाठी आपल्या जंगलातल्या सप्तरंगी नावाच्या वेलाबद्दल पण विचारतात. तिच्यात सॅलॅसिनॉल आहे, आतड्यात साखर फुटण्यावर तिचा परिणाम जांभळापेक्षा चांगला अभ्यासलेला आहे. पण तिचं मूळ लागतं, मूळ काढलं की वेल गेला, आणि व्यापाऱ्यांसाठी खणून खणून ती आधीच कमी झालीय. जांभळाची बी झाड देऊनच टाकतं. रानातली सप्तरंगी उपटू नका, कळकळीने सांगतो.

तीन महिन्यांनी आकडे डॉक्टरांना दाखवा. उतरले असतील तर एक महिना पावडर बंद करून, गोळी तशीच चालू ठेवून परत मोजा, चढले तर पावडरचा वाटा होता, नाही चढले तर नव्हता, मग कशाला रोज ते तुरट घ्यायचं, सीझनला मूठभर जांभळं खा आणि सोडा. फक्त तारखा जपा. जूनमध्ये सुरू केलं तर तीन महिने नेमके गणपतीत भरतात, तेव्हा एचबीएवनसीचं रक्त चतुर्थीच्या आधी देऊन या, आणि पावडर बंद ठेवायचा महिना मोदकांचे दिवस संपल्यावर आणि दिवाळीचा फराळ सुरू व्हायच्या आत बसवा.